स्कॉटलंडचा किल्ल्यांचा पास: १२ दिवस, एक गाडी आणि आम्ही दोघं

आधीच सांगून टाकते, तुम्ही दोघं गाडी घेऊन स्कॉटलंड फिरणार असाल आणि जुन्या किल्ल्यांची थोडी जरी ओढ असेल तर हिस्टॉरिक स्कॉटलंडचा एक्सप्लोरर पास घ्या, आम्ही १४ दिवसांचा घेतला होता आणि माझ्याकडून त्याला ५ पैकी साडेचार. अर्धा का कापला तेही सांगते पुढे. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून मे महिन्याच्या शेवटी गेलो होतो, पोरीला आजीकडे ठेवून, दहा वर्षांत पहिल्यांदा फक्त दोघंच. नवरा साताऱ्याचा, म्हणजे खिडकी उघडली की अजिंक्यतारा दिसतो अशा घरातला, त्यामुळे कुठे जायचं यावर फार चर्चा झालीच नाही.

पास नेमका काय आहे तर स्कॉटलंडमधली जी ऐतिहासिक ठिकाणं सरकारतर्फे सांभाळली जातात, म्हणजे हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंड या संस्थेकडे आहेत, त्यातल्या तिकीट असलेल्या सगळ्या ठिकाणी हा एकच पास चालतो. एडिनबराचा किल्ला, स्टर्लिंग, अर्कर्ट, फोर्ट जॉर्ज, लिनलिथगोचा राजवाडा, एल्गिनचं कॅथेड्रल, डून, अशी कितीतरी. तीन-चार मोठे किल्ले बघितले की पैसे वसूल होतात, पुढचं सगळं वरकड. पण पैशांचं गणित ही माझ्या मते दुय्यम गोष्ट आहे. खरा फायदा असा की प्रत्येक ठिकाणी "दोघांचे एवढे पाउंड म्हणजे रुपयात किती, आणि बघण्यासारखं असेल ना नक्की" हा विचारच येत नाही. रस्त्यात तपकिरी पाटी दिसली, त्यावर किल्ल्याचं नाव आहे, वळवा गाडी. आमच्या सगळ्यात चांगल्या आठवणी अशा न ठरवता थांबलेल्या जागांच्याच आहेत.

एक गोष्ट मात्र आधी करा. एडिनबराच्या किल्ल्यासाठी पास असला तरी वेळेचा स्लॉट ऑनलाइन बुक करून ठेवा, उन्हाळ्यात तिथे एवढी गर्दी असते की आयत्या वेळी जाऊन हवी ती वेळ मिळेल या भरवशावर राहू नका. आणि एडिनबरामध्ये गाडी घेऊच नका, पार्किंग महाग आणि शहर चालत फिरण्यासारखं आहे, आम्ही पहिले दोन दिवस पायी फिरलो आणि तिसऱ्या दिवशी गाडी ताब्यात घेतली. किल्ला एका विझलेल्या ज्वालामुखीच्या खडकावर आहे, खालून बघितलं की खडक कुठे संपतो आणि तट कुठे सुरू होतो ते कळत नाही, आपल्याकडे सह्याद्रीत असंच वाटतं. आत सेंट मार्गारेटचं छोटंसं चॅपल आहे १२व्या शतकातलं, अख्ख्या किल्ल्यातली सगळ्यात जुनी इमारत, आपल्या देवघरापेक्षा थोडंसं मोठं. मॉन्स मेग नावाची १५व्या शतकातली अवाढव्य तोफ आहे, तिचे दगडी गोळे दीडशे किलोचे. आणि दुपारी एक वाजता अजूनही रोज तोफ उडवतात, रविवार सोडून, १८६१ पासून चालू आहे, बंदरातल्या जहाजांना घड्याळ लावता यावं म्हणून सुरू केलेली. गर्दी मात्र खूप, त्यामुळे किल्ला मनात भरला तरी मनात मुरला नाही.

गाडीबद्दल लिहायलाच हवं कारण इथेच लोक फसतात. कंपनीचं नाव लिहीत नाही. भारतातलं लायसन्स चालतं, रस्त्याची बाजू आपलीच, स्टिअरिंग उजवीकडेच, त्यामुळे नवऱ्याला तासाभरात हात बसला, ऑटोमॅटिक घेतली ते बरं झालं. पण काउंटरवर इन्शुरन्समधला तो 'एक्सेस' नीट समजून घ्या, म्हणजे गाडीला काही झालं तर पहिली अमुक रक्कम तुमच्याच खिशातून जाते, ती हजार पाउंडांच्या वर असू शकते आणि तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. आम्ही गाडी परत केल्यावर नऊ दिवसांनी मेल आला की मागच्या डाव्या चाकाच्या रिमवर चरा आहे, इतके पैसे कापलेत. तो चरा आधीपासूनचा होता! गाडी घेताना मी पार्किंगमध्येच चारही बाजूंनी, चारही चाकांचा, अगदी छताचासुद्धा व्हिडिओ काढला होता, तारीख-वेळेसकट, तो पाठवला, दोनदा मेल केले, तीन आठवड्यांनी पैसे परत आले. व्हिडिओ नसता तर गेले होते. तेव्हा दोन मिनिटं लागतात, काढाच.

गाडी घेतल्यावर पहिला थांबा लिनलिथगो, आणि इथे मी अडकले ती अडकलेच. एडिनबरापासून जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर, तळ्याकाठी छत नसलेला प्रचंड राजवाडा. मेरी क्वीन ऑफ स्कॉट्स इथे जन्मली, डिसेंबर १५४२ मध्ये. १७४६ साली सरकारी फौज इथे मुक्काम करून गेली आणि राजवाडा जळाला, तेव्हापासून तसाच उघडा उभा आहे. मधल्या चौकात १५३८चं दगडी कारंजं आहे, तीन मजली, मुकुटाच्या आकाराचं, कोरीव काम इतकं बारीक की आम्ही दोघं पंधरा मिनिटं त्याच्याभोवती नुसते फिरत होतो. तिथल्या एका वयस्क कर्मचारी बाईंनी वरचा एक बुरूज दाखवला, त्याच्या टोकाला एक छोटी खोली आहे, म्हणतात की राणी मार्गारेट तिथे बसून नवऱ्याची, म्हणजे राजा चौथ्या जेम्सची, वाट बघत असायची, तो १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईला गेला तो परत आलाच नाही. बाई हे इतक्या हळू आवाजात सांगत होत्या जसं काही गेल्या वर्षीच झालंय. या पासचं मोठं बळ म्हणजे ही माणसं. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी असं कुणीतरी भेटलं, घाई नाही, तुमचा उच्चार समजून घेणार, तुम्ही कुठून आलात विचारणार, आणि "आमच्याकडेही किल्ले आहेत" म्हटलं की मनापासून विचारणार की कसे आहेत. नवऱ्याने एका ठिकाणी फोनवर प्रतापगडाचे फोटो दाखवले, तर तिथले दोघं कर्मचारी चांगले दहा मिनिटं बुरुजांचे आकार बघत बसले.

स्टर्लिंग हा त्या पासमधला माझ्या मते सर्वात परिपूर्ण किल्ला. एडिनबरापेक्षा हा आवडला, दोघांनाही. खाली १२९७ मध्ये विल्यम वॉलेसने जिथे इंग्रजांना हरवलं तो पुलाचा परिसर दिसतो, दुसरीकडे १३१४चं बॅनकबर्न, म्हणजे एका तटावरून त्यांच्या इतिहासातल्या दोन सगळ्यात मोठ्या विजयांच्या जागा. ग्रेट हॉलला बाहेरून फिकट सोनेरी चुन्याचा रंग दिलाय, लांबून ढगाळ उजेडात तेवढीच एक इमारत उजळलेली दिसते. राजवाड्यात युनिकॉर्नच्या शिकारीचे भिंतभर पडदे आहेत, जुन्या पद्धतीने हाताने नव्याने विणलेले, त्या कामाला दहा वर्षांहून जास्त लागली. एका पडद्याच्या कोपऱ्यात जमिनीवरची छोटी छोटी फुलं विणलीत, प्रत्येक फूल वेगळं, पाकळीच्या एका बाजूला गडद धागा आणि दुसऱ्या बाजूला फिका, म्हणून ते फुगीर वाटतं. माझी आई पैठणीच्या पदरावरचा मोर असाच बोट न लावता बघते. याला किमान तीन तास द्या, आम्ही चार दिले.

आता अर्धा मार्क का कापला. पासमध्ये सगळे किल्ले नाहीत, आणि हे पास घेताना पटकन लक्षात येत नाही. सगळ्या कॅलेंडरवर असतो तो आयलिन डोनान खासगी ट्रस्टचा, त्याचं तिकीट वेगळं. कलोडनचं युद्धस्मारक आणि ग्लेनकोचं केंद्र नॅशनल ट्रस्टकडे, ती संस्था वेगळी. समुद्राकाठच्या कड्यावरचा डनॉटर तोही खासगी. म्हणजे हायलँड्सच्या, उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखाच्या, पश्चिम भागात, स्काय बेटाच्या दिशेला तुम्ही चार दिवस घालवले तर पास खिशातच राहतो, आणि तो सलग दिवसांचा असल्यामुळे ते दिवस मोजले जातातच. म्हणून मार्ग ठरवताना आधी पासची ठिकाणं नकाशावर टाका आणि मग दिवस वाटा. शिवाय काही ठिकाणी दगडी बांधकामाची तपासणी चालू असते आणि एखादा भाग किंवा पूर्ण जागा बंद असू शकते, आदल्या रात्री वेबसाइट बघून निघा.

वेळेचंही एक गणित आहे जे आम्हाला तिसऱ्या दिवशी उमगलं. तिकिटाची ठिकाणं संध्याकाळी साडेपाच-सहाला बंद होतात, शेवटचा प्रवेश त्याच्याही आधी, पण मे-जूनमध्ये उजेड रात्री साडेनऊ-दहापर्यंत असतो. मग दिवसा पासवाले किल्ले आणि संध्याकाळ दऱ्याखोऱ्यांसाठी, असं केलं की एकेका दिवसात दोन दिवस मावतात. सहा वाजता हॉटेलवर जाऊन बसू नका, खरं स्कॉटलंड त्यानंतर दिसतं.

किलचर्नचा किल्ला बघायला तर तिकीटच नाही, फुकट आहे, पण तो याच संस्थेकडे आहे म्हणून इथे लिहिते. लॉख ऑ नावाच्या तळ्याच्या टोकाला, १५व्या शतकात कॅम्पबेल घराण्याने बांधलेला. रस्त्याकडेला गाडी लावून, रेल्वेच्या पुलाखालून, ओल्या गवतातून चालत जायचं. आम्ही गेलो तेव्हा आत फक्त एक जर्मन जोडपं होतं आणि तेही लगेच गेलं. चौकात गेलो तर जमिनीवर एक दगडी बुरुजाचा तुकडा उलटा पडलेला, म्हणजे वरचं टोक खाली आणि बूड वर, अख्खा, माझ्या उंचीपेक्षा मोठा. १७६०च्या दशकात वीज पडली आणि कोपऱ्यावरचा छोटा बुरूज वरून जसाच्या तसा खाली आला, आणि गेली अडीचशे वर्षं तिथेच आहे. मी हात लावून बघितला, दगड आणि चुना अजून घट्ट धरून आहेत, सांध्यांमध्ये शेवाळ, एका खाचेत छोटंसं पांढरं फूल उगवलेलं. कुणी तो उचलून बाजूला ठेवला नाही, जोडायचा प्रयत्न केला नाही, सिमेंट थापलं नाही, रंग दिला नाही. पडझड जिथे थांबली तिथेच तिला सांभाळलंय. नवरा म्हणाला, "अगं, आपल्याकडे यावर बदामात नावं कोरली असती." ते ऐकून वाईट वाटलं कारण खरं आहे, राजगडावर, सिंहगडावर ते बघितलंय. २०२५ मध्ये आपले १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, मराठा लष्करी स्थापत्य म्हणून, त्याचा मला फार अभिमान आहे, आणि म्हणूनच अशी सांभाळणारी माणसं, असा एक सगळीकडे चालणारा पास आपल्याकडे असावा असं त्या उलट्या बुरुजापाशी उभं राहून फार वाटलं.

तिथून ग्लेनको. रॅनख मूरच्या ओसाड पठारावरून रस्ता जातो, दोन्ही बाजूला काळं पाणी आणि तपकिरी गवत, आणि मग एकदम डोंगर दोन्हीकडून अंगावर येतात, थ्री सिस्टर्स म्हणतात त्या तीन सोंडा. आमचं बोलणंच थांबलं. या दरीत फेब्रुवारी १६९२ मध्ये मॅकडॉनल्ड कुळाच्या लोकांनी ज्या सरकारी सैनिकांना जवळजवळ दोन आठवडे घरात ठेवून घेतलं, खाऊपिऊ घातलं, त्यांनीच पहाटे उठून यजमानांना मारलं, ३८ माणसं. उरलेले बर्फात पळाले, त्यातले कितीतरी गारठून गेले. खाल्ल्या मिठाला न जागणं म्हणजे काय ते त्या दरीत कळतं, आणि तिथले लोक हे अजून विसरलेले नाहीत.

ग्लेनकोजवळून ग्लेन एटिव्हकडे फाटा जातो, तिथे पहिल्यांदा सिंगल ट्रॅक रस्त्यावर गाडी घातली. एकच गाडी जाईल एवढा रस्ता, मधे मधे 'पासिंग प्लेस'च्या पाट्या. नियम सोपा आहे, जागा तुमच्या डाव्या हाताला असेल तर आत घ्या, उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा, समोरचा आत घेईल. चढावर येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे आपल्या घाटातलंच. जाताना प्रत्येक जण हात वर करून आभार मानतो, दुसऱ्या दिवसापर्यंत नवऱ्याला इतकी सवय झाली की मोठ्या रस्त्यावरही हात वर जायला लागला. पासिंग प्लेसमध्ये फोटो काढायला गाडी लावू नका, मागे रांग लागते आणि लोकांचा खोळंबा होतो. मेंढ्या रस्त्यात बसलेल्या असतात, हॉर्न न देता थांबायचं, त्या त्यांच्या वेळेने उठतात. आणि मिजेस! डोळ्याला जेमतेम दिसतील एवढ्या माश्या, वारा पडला की झुंडीने येतात. पाण्याकाठी संध्याकाळी उभं राहणं अशक्य होतं. चेहऱ्यावर घालायची जाळी गावातल्या दुकानात मिळते, घ्याच.

स्कायबद्दल थोडक्यात, कारण त्यावर सगळेच लिहितात. सुंदर आहे, गर्दी आहे, राहायचं आधी बुक करा. जाताना आयलिन डोनान वेगळं तिकीट काढून बघितला, १७१९ मध्ये युद्धनौकांनी उडवलेला आणि दोनशे वर्षांनी, १९३२ पर्यंत, पुन्हा बांधून काढलेला. तीन खाड्या जिथे मिळतात तिथे आहे, बाहेरून बघत राहावं असा. आतून मात्र माझं मन किलचर्नकडेच ओढत होतं.

अर्कर्टचा किल्ला लॉख नेस या तळ्याच्या काठावर. सगळे तळ्यातला तो दंतकथेतला राक्षस बघायला येतात, पण किल्ल्याची गोष्टच चांगली आहे. १६९२ मध्ये सरकारी सैन्य निघून जाताना त्यांनी दारूगोळा लावून उडवून दिला, जॅकोबाइट लोकांच्या, म्हणजे गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूच्या बंडखोरांच्या, हाती पडू नये म्हणून. दरवाजापाशी दगडी बांधकामाचा एक भलामोठा ढेकूळ अजून पडलाय. बसेस येतात त्यामुळे उघडताना जा, नाहीतर दुपारी चारनंतर.

फोर्ट जॉर्ज आमच्या यादीत शेवटी होता आणि तोच मला आतून हलवून गेला. एप्रिल १७४६ मध्ये कलोडनच्या माळावर तासाभराच्या आत जॅकोबाइट सैन्य संपलं, त्यानंतर हायलँडच्या लोकांनी पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून इंग्रज सरकारने हा किल्ला बांधला, १७६९ पर्यंत काम चाललं. तिथे अजून सैन्य आहे. आतमध्ये हायलँडर्स पलटणींचं म्युझियम आहे. तिथे उभी असताना एकदम आठवलं, ७८वी हायलँडर्स पलटण ही याच भागातली, आणि सप्टेंबर १८०३ मध्ये असईच्या लढाईत, आपल्या जालना जिल्ह्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूने उभी होती तीच. त्या लढाईसाठी त्यांना निशाणावर हत्ती आणि 'असई' हे नाव मिरवायचा मान मिळाला. म्हणजे ज्यांची घरं, ज्यांची भाषा, ज्यांचा पोशाख इंग्रजांनी मोडून काढला त्यांच्याच नातवंडांना पन्नास-साठ वर्षांत लाल डगला घालून आपल्याकडे पाठवलं. मी नवऱ्याला सांगितलं तर तो बराच वेळ गप्प होता. मग आम्ही तटावर जाऊन बसलो, वारा भणाणत होता, खाली खाडीत दोन डॉल्फिन दिसले, आणि तटाखाली सैनिकांच्या कुत्र्यांची एक छोटी दफनभूमी आहे, नावांचे दगड लावलेली, ती बघून मला रडूच आलं. या एका जागेसाठी मी पास पुन्हा घेईन.

खाण्याचं दोन ओळीत. नवरा शाकाहारी, त्याला व्हेज हॅगिस जवळजवळ सगळीकडे मिळालं, ओट्स, डाळी, मसाला, सोबत बटाटा आणि सलगमाचा लगदा, त्याला फार आवडलं. मी कलन स्किंक प्यायले, धुरी दिलेल्या माशाचं दाट सूप, पावसात भिजून आल्यावर दुसरं काही नको. आणि 'टॅब्लेट' नावाची मिठाई मिळते, साखर, दूध आणि लोणी आटवून केलेली, दाताखाली रवाळ फुटते, थेट आपली दुधाची वडी. गाडीत कायम एक पुडा असायचा.

एल्गिनचं कॅथेड्रल पावसात बघितलं, १३९० मध्ये राजाच्याच भावाने, बॅडनॉकचा लांडगा म्हणायचे त्याला, त्याने रागाच्या भरात जाळलं. तिथे कळलं की पुढे समुद्राकाठी बॅन्फ गाव आहे, म्हणजे ग्रँट डफचं गाव, साताऱ्याला इंग्रजांचा रेसिडेंट होता तो. साताऱ्याच्या माणसाला मग कोण थांबवणार, तासभर लांब होतं तरी गेलो. साधं शांत बंदर, बोटी, दगडी घरं. नवऱ्याने आईला व्हिडिओ कॉल करून समुद्र दाखवला.

शेवटच्या दिवशी गाडी ११ला परत द्यायची होती, आणि पासचे दोन दिवस उरले होते. एडिनबराच्या कडेला क्रेगमिलर म्हणून किल्ला आहे, तिथे साडेनऊला, उघडायच्या वेळी पोचलो. मेरी १५६६ मध्ये इथे राहिली होती, आजारी, खचलेली. आम्हा दोघांशिवाय कुणी नाही. चौकात दोन म्हातारी यू झाडं, वरती गच्चीवर गेलो तर समोर आर्थर्स सीटचा डोंगर आणि त्याच्या बाजूला लांब एडिनबराचा किल्ला, पहिल्या दिवशी ज्याच्यात रेटारेटी केली होती तो, आता अंगठ्याएवढा. पुड्यात टॅब्लेटचा एकच तुकडा उरला होता, तो अर्धा अर्धा केला. नवरा म्हणाला, "साडेदहा झाले, निघू या का?" मी म्हटलं, "थांब रे पाच मिनिटं."